सरकारी ऑफिसावरचे विनोद नेमके कुणाला लागतात?

सुमेधा_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. सांगलीत आमच्या कॉलनीत गणपतीत दरवर्षी एक छोटं नाटक बसतं. यंदा लिहायचं काम माझ्याकडे आलंय. विषय मुलांनीच निवडला : सरकारी ऑफिस. पहिला खर्डा वाचला तेव्हा सगळे हसले. स्वेटर विणणारी बाई, स्टुलावर पेंगणारा शिपाई, 'साहेब मीटिंगला गेलेत', 'जेवणाच्या सुट्टीनंतर या', आणि शेवटी टेबलाखालून पाकीट.

समोरच्या बंगल्यातले काका भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेत. ते हसले नाहीत. वाचन संपल्यावर म्हणाले, "बाई, तुम्ही शेवटचं कुठल्या ऑफिसात गेला होतात? स्वेटर विणताना मला तरी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कुणी दिसलेलं नाही."

त्यांचं म्हणणं मला पटलं. ही सगळी सोंगं आपण ऐकून उचललेली आहेत. मग आजचं खरं ऑफिस कसं आहे? विनोद कशावर व्हायला हवा आणि कशावर नको? किस्से सांगा, विनोद सांगा, भांडलात तरी चालेल. काकांना दुखवायचं नाही, पण लोकांना जो त्रास होतो तो झाकून सरकारची आरतीही लिहायची नाही.

माणदेशी_गडी

आमच्याकडं आटपाडी भागात एक जुना सांगत्यात. पावण्यानं पारावर इचारलं, "भाऊसाहेब कुठं गावतील?" म्हातारा म्हणला, "ह्या गावात इचारलं तर त्या गावात हायती. त्या गावात इचारलं तर तालुक्याला गेल्यात. तालुक्याला इचारलं तर साइटवर हायती. तुमी हितंच बसा, ज्या दिवशी वसुली आसंल त्या दिवशी सोताच येत्यात."

हसू येतं, पण आता खरं सांगतो. एका तलाठ्याकडं आमच्यात दोन-तीन गावं, कुठं त्याहून जास्त. शेजारची जागा रिकामी आसली की तिचाबी चार्ज ह्याच्याच गळ्यात. मग माणूस गावायचा कसा?

कंदी_पेढा

'साहेब मीटिंगला गेलेत' जुनं झालं. आता 'सर्व्हर डाउन आहे'. नाटकात हे घ्याच, पहिल्याच वाक्याला टाळी पडेल.

वाईचा_विनू

मला या धाग्यावर हसायला जमत नाहीये, माफ करा.

माझे मावसकाका वारले. सातबारावर मावशीचं आणि मुलींचं नाव लागायला अर्ज दिला. पहिल्या खेपेला सांगितलं, मृत्यूचा दाखला जोडा. जोडला. दुसऱ्या खेपेला, प्रतिज्ञापत्र नाही. केलं. पुढच्या वेळी, एका मुलीचं लग्नानंतरचं नाव आधारवर वेगळं आहे. प्रत्येक वेळी मावशी एसटीने अर्धा दिवस घालवून जायची आणि प्रत्येक वेळी नवीन एक त्रुटी निघायची. पहिल्याच दिवशी सगळं एका कागदावर लिहून द्यायला काय हरकत होती? समोरचा माणूस वाईट बोलला नाही, पैसेही मागितले नाहीत. फक्त मान वर न करता बोलला. त्या न बघण्याने मावशी रडली.

"सरकारी काम, सहा महिने थांब" हे कुणी गंमत म्हणून जन्माला घातलेलं नाही. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्याकडे तेवढंच उरतं. नाटकात त्या बाईला जरूर दाखवा, ताई. पाणी घालू नका.

खटावकर

विनूशी पूर्ण सहमत. आणि हे आजचं नाही. महात्मा फुले यांचं मूळ गाव आमच्या खटाव तालुक्यातलं कटगुण. १८८० च्या दशकात त्यांनी शेतकऱ्याला कचेरीत कसं नाडलं जातं, कारकून अडाणी माणसाच्या कागदाशी कसा खेळतो, हे जळजळीत भाषेत लिहून ठेवलंय. तेव्हा तो विनोद नव्हता, राग होता. पुढे शिकलेल्या शहरी माणसांनी त्या रागाचा चुटका केला. त्यात शेतकरी राहिला बाजूला आणि उरला फक्त पान खाणारा, चष्मा नाकावर आलेला कारकून. रागाला पत्ता होता, चुटक्याला नाही.

निवृत्त_अव्वल_कारकून

कराडहून लिहितोय. महसुलात नोकरी झाली, आता निवृत्त. दोन्ही बाजूंनी सांगतो.

विनूभाऊ, तुमच्या मावशींच्या बाबतीत जे झालं ते चूकच. त्रुटी एकदाच, लेखी आणि सगळ्या एकत्र कळवायच्या असतात. अर्जदाराला तोंडी परत पाठवणं हा आळसही असतो आणि भीतीही. लिहून दिलं की आपली सही अडकते, म्हणून तोंडी सांगायचं. ही सवय आमच्या खात्यात मुरलेली आहे आणि मी ती आतून पाहिलेली आहे.

आता दुसरी बाजू. वारसाचं प्रकरण आधी गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत जातं. चौकशी होते, मंडल अधिकारी वारस ठरवतो. मग नमुना ६ ला फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, पडतो. संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस थांबावंच लागतं. हे १५ दिवस तलाठ्याने खाल्ले असं गावात बोललं जातं. पण ते १५ दिवस ज्या बहिणीचं नाव भावाने परस्पर वगळलं असेल तिच्यासाठी आहेत. मी अशा बहिणी बघितल्यात. नोटीस मिळाली म्हणून धावत आलेल्या आणि त्यामुळेच हक्क वाचलेल्या. आमच्या दिरंगाईवर हसा, पण कायद्याने थांबायला लावलं आहे तिथे आणि कारकुनाने थांबवलं आहे तिथे फरक करा.

आणखी एक. दफ्तर नीट असेल तर काम झटपट होतं. अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखीना यांनी १९८० च्या दशकात कार्यालयाची बसण्याची रचना, अभिलेख, नागरिकांची सोय हे सगळं बदललं. 'लखीना पॅटर्न' म्हणून राज्यभर लोक बघायला गेले. आम्हीही आमच्या ऑफिसात सहा गठ्ठे लावायला शिकलो : चालू कामाचे कागद एकात, प्रतीक्षेतले दुसऱ्यात, नियतकालिक अहवाल तिसऱ्यात, असे. ज्याच्या टेबलावर सहा गठ्ठे नीट बांधलेले दिसतात तो माणूस काम करतो, हे मी आजही पैजेवर सांगेन. ताई, नाटकाच्या नेपथ्यात हे घ्या. धूळ खात पडलेला ढीग सगळेच दाखवतात.

कंदी_पेढा

काका, तुमचा प्रतिसाद कॉपी करून ठेवला. भाऊ-बहिणीचं वाचून आमच्या घरातलंच एक प्रकरण आठवलं.

सई_मिरज

लंच टाइमचा विनोद सगळ्यात जास्त चालतो, म्हणून माहिती देते. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला. वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५, शिपायांची त्याहून थोडी जास्त. जेवणाची सुट्टी १ ते २ च्या दरम्यान फक्त अर्धा तास. सगळ्यांनी एकाच वेळी उठू नये असंही सांगितलेलं आहे. तेव्हा दीड तास कुलूप दिसलं तर ती सवलत नव्हे, ती चूक आहे. बिनधास्त विचारावं.

वाळव्याचा_संजू

पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा आमच्या कट्ट्यावर म्हणाले, "आता सहा महिन्यांचं काम सात महिन्यांत."

पोरगी_पलूसची

माझे वडील ग्रामसेवक. लहानपणापासून हे विनोद ऐकत मोठी झाले. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोट सुटलेला, डोळ्यावर चष्मा ठेवून झोपणारा 'भाऊसाहेब' आला की पोरं माझ्याकडे वळून हसायची.

२०१९ च्या ऑगस्टचं सांगते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा बाबा आमच्याजवळ नव्हते, त्यांच्या गावातल्या शाळेत होते. तिथे आलेल्या लोकांच्या याद्या, दूध, गोळ्या, गरोदर बायकांना पुढे हलवणं, जनावरांचा चारा. आईने आम्हाला शेजाऱ्यांच्या मदतीने बाहेर काढलं. पाणी ओसरल्यावर आमच्या घरातला चिखल आम्ही तिघींनी काढला, कारण बाबा, तलाठी आणि कृषी सहायक मिळून दुसऱ्यांच्या घरांचे पंचनामे करत होते. पंचनाम्यात नाव राहिलं म्हणून एकाने त्यांची कॉलर धरली. त्याचंही घर गेलेलं होतं, त्याच्यावर माझा राग नाही.

महावितरणचे वायरमन त्याच पाण्यात उभे राहून काम करत होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्याच दिवसांत साताऱ्याकडे पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. तिथेही पहिल्यांदा पोचणाऱ्यांत हीच गावपातळीवरची माणसं होती.

विनोद करू नका असं मी म्हणत नाही. बाबा स्वतः घरी विनोद सांगतात. पण वर्षभर ज्याला आळशी म्हणायचं, त्याच्याकडूनच पुराच्या रात्री जागायची अपेक्षा ठेवायची, हे मला अजूनही टोचतं.

माणदेशी_गडी

ताई, वाचून गप झालो. तुमच्या वडलांना आमचा नमस्कार सांगा.

घाटमाथा

हा प्रतिसाद सगळ्यांनी वाचायला हवा.

अवांतर : साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला आपण अपशिंगे मिलिटरी म्हणतो, तिथल्या घराघरातून माणसं सैन्यात. तेही सरकारी पगारच घेतात. त्यांच्यावर असा विनोद कुणी करत नाही, करूही नये. तो मान आपण सीमेवरच्या माणसाला देतो, कारण तो आपल्यासाठी काय करतो हे दिसतं. ग्रामसेवकाचं काम झालं तर काहीच दिसत नाही, नळाला पाणी येतं एवढंच. न झालं की मात्र सगळ्यांना दिसतं.

वाळव्याचा_संजू

सगळं बरोबर. पण एक सांगा, ज्या नोकरीची एवढी टिंगल, तिच्यासाठी एवढी झुंबड का? २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. सांगली, इस्लामपूर, कराड, कुठल्याही अभ्यासिकेत जा, पहाटेपासून पोरं जागा धरून बसलेली. लग्नाच्या बैठकीत मुलीचा बाप आधी सरकारी नोकरांवरचा विनोद सांगतो, मग हळूच विचारतो, "मुलगा पर्मनंट आहे ना?" आमच्या बागायती पट्ट्यात चांगली शेती असलेल्या पोरांची लग्नं जमत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. एसटीच्या लोकांनी २०२१-२२ मध्ये एवढे महिने संप केला तो कशासाठी? शासनात विलीनीकरण हवं म्हणून.

मी स्वतः तीन वर्षं परीक्षा देतोय. लोक बाबूला हसतात आणि पोराला बाबू करायला क्लासची फी भरतात. मला यात ढोंग दिसत नाही, भीती दिसते. बाहेर कशाचाच भरवसा नाही.

टॅक्सपेयर_कुपवाड

माझा कुपवाड एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. भरवसा नाही हे बरोबर, कारण आमच्याकडे ऑर्डर नसली तर मलाच पगार नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप झाला, तेव्हा माझा एक परवाना अडकला होता. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' असे फलक घेऊन मोर्चा माझ्या समोरून गेला. माझ्या कामगारांना कुठली पेन्शन?

निवृत्त_अव्वल_कारकून

तुमच्या कामगारांनाही मिळायला हवी, हे माझं उत्तर. १ नोव्हेंबर २००५ आणि त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती, भांडण त्याचं होतं. एकाच टेबलावर शेजारी बसलेल्या दोघांत एकाला पेन्शन आणि एकाला नाही. १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप ज्यांनी केला त्यांच्या हाताखाली मी शिकलो. त्या दिवसांत उसनवारीवर घरं चालली. लोक आपल्याला नावं ठेवतात याचं त्यांना तेव्हाही वाईट वाटायचं.

सई_मिरज

पेन्शनवर वेगळा धागा काढा, दोघांनाही विनंती. इथे मुख्य प्रश्न राहून जाईल.

टेबल_नंबर_चार

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी लिपिक आहे. कार्यालय सांगत नाही.

बाहेरचे आमच्यावर जे विनोद करतात ते आम्हाला लागत नाहीत, कारण ते आमच्याबद्दल नसतातच. आम्ही आपापसात जे सांगतो ते ऐका. (बारनिशी म्हणजे आवक-जावक कागदांची नोंदवही, हे आधीच सांगते.)

मुलाने प्रगतिपुस्तक वडिलांपुढे ठेवलं. वडील नायब तहसीलदार. त्यांनी सही केली नाही, वर शेरा मारला : 'चर्चा करावी.' मुलगा आईकडे गेला. आई जिल्हा परिषदेत. तिने लिहिलं : 'मागील वर्षाच्या गुणांसह फेरसादर करावे.' मुलाने आजोबांना गाठलं. आजोबा निवृत्त. ते म्हणाले, "बाळ, आधी बारनिशीत नोंद केलीस का?"

दुसरा. वरून व्हॉट्सॲपवर पत्र येतं : 'अत्यंत तातडीचे. माहिती आज दुपारी ३ पर्यंत सादर करावी.' पत्र येतं ४ वाजता. आम्ही काय करतो? 'निरंक' पाठवतो. निरंक म्हणजे माहिती शून्य, सुटलो. मग वरचे सगळ्या तालुक्यांचे निरंक जोडून जिल्ह्याचं निरंक करतात आणि मंत्रालयात ते वेळेत पोचतं.

हे सांगताना आम्ही हसतो, पण दिवस खरंच असा जातो. समोर माणूस उभा असतो आणि मी त्याचं काम बाजूला ठेवून कुणीही न वाचणारा तक्ता भरत असते. त्यात निवडणुकीचं काम, मतदार याद्या, शिबिरं, व्हीसी म्हणजे व्हिडिओवरच्या बैठका. माझ्या विभागात मंजूर पदांपेक्षा माणसं कमी आहेत, त्यामुळे दोन टेबलं माझ्याकडे. विनूदादा, मान वर न करता बोलणारी मीही असू शकले असते. मान वर केली की पुढचा माणूस दिसतो, त्याच्या मागे रांग दिसते, आणि मग संगणकावरचं काम हातून सुटतं. तरी तुमच्या मावशींकडे बघायला हवं होतं. बघायला वेळ लागत नाही.

आणि जो पैसे खातो त्याच्यावर जेवढे कठोर विनोद करता येतील तेवढे करा. तो आमचं नाव घालवतो आणि वर आमच्यावरच हसतो, "ही बघा हरिश्चंद्राची लेक."

कंदी_पेढा

'बारनिशीत नोंद केलीस का' वाचून ऑफिसात मोठ्याने हसलो. खासगी ऑफिस आहे, सगळे बघायला लागले.

वाईचा_विनू

टेबल नंबर चार, तुमचं वाचलं. राग गेला असं नाही म्हणणार, पण तो आता दुसरीकडे वळलाय. मावशीला तुमच्यासारखी कुणी भेटायला हवी होती.

खटावकर

पैशांवरून : लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. नाटकाच्या शेवटी हा आकडा मोठ्या अक्षरात दाखवा, लोकांना पाठ होईल.

सुमेधा_विश्रामबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल समोरच्या काकांकडे बसून खर्डा पुन्हा लिहिला. स्वेटर गेला, पेंगणारा शिपाई गेला. आता गोष्ट एका फाइलीची आहे. गावची एक बाई, टेबलावरची एक लिपिक आणि सर्व्हर. दोघीही त्याच सर्व्हरची वाट बघतायत, एक काउंटरच्या अलीकडे आणि एक पलीकडे. मध्येच वरून तातडीचा तक्ता येतो. प्रगतिपुस्तकाचा किस्सा टेबल नंबर चार यांच्या परवानगीने घेते (परवानगी आहे ना?). पुराचा एक छोटा प्रवेश आहे, त्यात विनोद नाही. ग्रामसेवकाचं काम करणाऱ्या मुलाला मी पलूसच्या ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला.

पाकिटाबद्दल मात्र आमचं भांडण झालं. मला वाटलं होतं काकांना ते काढून हवं असेल. ते म्हणाले, "काढू नका. ते होतं. मी नाही म्हटलं तर खोटं होईल. फक्त शिपायाच्या हातात संपवू नका. नाटकवाले नेहमी तिथेच संपवतात, कारण शिपाई उठून विचारायला येत नाही. पाकीट कुठवर जातं ते दाखवायची हिंमत असेल तर ठेवा."

ठेवलंय. पाकीट एकेक पायरी वर जातं आणि शेवटी रंगमंचाच्या बाहेर जातं. कमिटीतल्या दोघांनी विरोध केला, म्हणाले, वर्गणी देणारे नाराज होतील. १८४३ साली ज्या गावात मराठी नाटक उभं राहिलं, तिथे एवढं चालायला हवं, असं मी सांगितलं. बघू.

टेबल_नंबर_चार

परवानगी आहे. फक्त नायब तहसीलदार तसाच ठेवा, तहसीलदार करू नका. आमच्याकडे वाचतील.

पोरगी_पलूसची

प्रयोगाला बाबांना घेऊन येते. दिवस ठरला की इथेच कळवा.

वाईचा_विनू

निवृत्त काका, मावशीचा अर्ज अजून तिथेच आहे. आता नेमकं काय करू? सरळ सांगा.

निवृत्त_अव्वल_कारकून

क्रमाने सांगतो. नवीन अर्ज लेखी द्या किंवा ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइन भरा, म्हणजे अर्ज क्रमांक मिळेल. हाताने दिलात तर दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसेल तर पुढचं काहीच चालत नाही. सगळ्या मुलींची नावं सुरुवातीलाच लिहा, लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही.

फाइल उगाच पडून राहिली तर २००५ चा बदल्या आणि विलंब प्रतिबंध कायदा आहे. त्याप्रमाणे कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. शिवाय २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम. ऑफिसच्या दर्शनी भागात अधिसूचित सेवांचा फलक असतो, त्यावर सेवा, मुदत आणि अपिलीय अधिकारी लिहिलेले असतात. तुमची सेवा त्यात असेल आणि मुदत उलटली तर पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, ३० दिवसांत. सबळ कारण नसताना उशीर झाला असेल तर ५०० ते ५,००० रुपये दंड संबंधित अधिकाऱ्याला होऊ शकतो. दंडाची भाषा पहिल्याच दिवशी काढू नका, आधी भेटून बोला.

टेबल_नंबर_चार

काकांनी सांगितलेलं बरोबर. सोमवारी जाऊ नका, बैठका असतात. आणि मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत बरोबर ठेवा, झेरॉक्सवर अडवतात.